एका गुणाचे चार सेकंद

उंच उतारावरून शंभर मीटरच्या आसपास हवेत झेपावायचं आणि काही तासांनी, पायात वेगळी स्की चढवून, चढ-उताराच्या बर्फावर दहा किलोमीटर पळायचं. नॉर्डिक कंबाइंडमध्ये ही दोन्ही कामं एकाच माणसाला करावी लागतात आणि त्यांना लागणारी शरीरं एकमेकांच्या मुळावर उठलेली असतात. उडीला हलकं अंग हवं, शर्यतीला स्नायू आणि दमसास. ज्याला एकातच कमाल गाठायची आहे त्याने इथे फिरकूच नये.

दोघांची बेरीज करायची कशी, हा या खेळाचा जुना झगडा. उडीत ठरावीक अंतराच्या खुणेवर, म्हणजे के-बिंदूवर, पोचलं की ६० गुण. पुढे गेलं तर वाढ, अलीकडे राहिलं तर घट. वाऱ्याच्या दिशेनुसार काही गुण मिळतात किंवा कापले जातात. शिवाय पाच पंच शैली पाहतात, प्रत्येकाकडे २० गुण; सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी बाजूला काढून उरलेल्या तिघांचे धरायचे. एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत उतरणं, म्हणजे टेलीमार्क, साधलं नाही तर पंच गुण कापतात.

पूर्वी हे गुण आणि शर्यतीची वेळ कोष्टकात घालून निकाल काढत. शेवटची रेषा ओलांडणाऱ्यालाही आपण जिंकलो की नाही ते कळत नसे. नॉर्वेच्या गुंडर गुंडरसन या माजी खेळाडूने उपाय सुचवला: गुणांचं सेकंदांत रूपांतर करा. उडीत पहिला आलेला आधी सुटेल, बाकीचे आपापल्या फरकाने मागून. जो आधी पोचेल तो विजेता. १९८८च्या कॅलगरी ऑलिम्पिकपासून हीच रीत. सध्याच्या १० किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत १५ गुणांना एक मिनिट, म्हणजे एका गुणाला चार सेकंद. तीन पंचांनी टेलीमार्कचे दोन-दोन गुण कापले की २४ सेकंद गेले!

हा दर मात्र देवाने ठरवलेला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ९ गुणांना एक मिनिट होतं, म्हणजे उडी आजच्यापेक्षा महाग. स्की व्ही आकारात उघडून तरंगण्याची शैली जपानी खेळाडूंनी झटपट उचलली आणि केन्जी ओगिवारा व त्याच्या साथीदारांनी १९९२ व १९९४ची सांघिक सुवर्णं नेली. त्यांची आघाडी अनेकदा शर्यत सुरू होण्याआधीच न तोडण्याजोगी असे. पुढे गुणाची किंमत उतरत गेली. २००८-०९च्या हंगामात दोन उड्या आणि १५ किलोमीटरऐवजी एकच उडी आणि १० किलोमीटर आले. दर बदलला की कोणत्या शरीराचा माणूस जिंकणार तेही बदलतं. माझ्या मते, या खेळातली खरी सत्ता नियमावलीच्या त्या एका ओळीत आहे.

तरीही दर सगळं ठरवत नाही. २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये नॉर्वेचा यार्ल मॅग्नस रीबर कोविडच्या विलगीकरणातून बाहेर पडला आणि मोठ्या टेकडीवरच्या उडीत ४४ सेकंदांची आघाडी घेऊन निघाला. पहिल्या फेरीअखेरीस तो चुकून अंतिम रेषेच्या वाटेला लागला, मागे वळला आणि शेवटी आठवा आला. दोन मिनिटांहून जास्त उशिरा सुटलेल्या त्याच्याच देशाच्या यॉर्गेन ग्राबाकने सुवर्ण जिंकलं.

वारा उडीच होऊ देत नाही असंही होतं. त्यासाठी आधीच एक राखीव उडी घेऊन ठेवतात. स्पर्धेच्या दिवशी टेकडी बंद पडली तर तिचे गुण धरून शर्यत सुटते.

१९२४च्या शामोनी ऑलिम्पिकपासून हा खेळ आहे, आणि पहिल्या चार ऑलिम्पिकमधली वैयक्तिक स्पर्धेची सगळी पदकं नॉर्वेची. मक्तेदारी पुरती सुटलेली नाही: २०१४ ते २०२२ची सत्तावीस पदकं नॉर्वे, जर्मनी, जपान आणि ऑस्ट्रिया या चौघांतच वाटली गेली. तुरळक प्रेक्षक आणि हीच मोजकी नावं पुढे करून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२६साठी महिलांची स्पर्धा नाकारली. हे तर्कट मला पटत नाही, कारण पदकांची ती यादी पुरुषांची होती आणि शिक्षा झाली महिलांना. त्यांचा विश्वचषक डिसेंबर २०२०मध्ये ऑस्ट्रियातल्या रामसाऊला सुरू झाला होता. क्रॉस-कंट्री शर्यत ऑलिम्पिकमध्ये महिलांना १९५२पासून खुली आहे, स्की-जंपिंग २०१४पासून. दोन्ही एकत्र करणाऱ्या महिलांना २०२६मध्येही जागा मिळाली नाही.