तेरा-सतरा, बारा-चौदा

खंडेनवमीच्या सकाळी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळांपासून कोथरूड-हडपसरपर्यंत पुण्यातली गॅरेजं एकाच कामात असतात. पेटी रिकामी केली जाते. पाने, पकडी, गोट्या (सॉकेट), पुलर, हातोड्या डिझेलमध्ये बुडवून, चिंधीने पुसून ओळीने मांडल्या जातात. मग हळदकुंकू, झेंडू, नारळ. तळाशी गेलेलं हत्यार वर्षभरात उजेडात येतं ते बहुधा याच दिवशी. त्या वेळी गॅरेजात थोडं थांबावं आणि मांडलेल्या पान्यांवर कोरलेले आकडे वाचावेत. गेल्या सहा-सात दशकांत या शहरात कुठल्या देशांच्या, कुठल्या कंपन्यांच्या गाड्या आल्या आणि टिकल्या, ते सगळं त्या आकड्यांत आहे. वाहनउद्योगाचा इतिहास आपण कारखान्यांच्या उद्घाटनांवरून लिहीत आलो. पण कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेली गाडी पुढची पंधरा-वीस वर्षं ज्यांच्या हातांत असते, त्यांचा इतिहास पेटीत आहे, आणि तो कुणीतरी नीट लिहायला हवा असं मला फार दिवसांपासून वाटतं.

जुन्या गॅरेजच्या पेटीत सगळ्यांत खाली इंची पाने सापडतात: ७/१६, १/२, ९/१६, ३/४. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती. १९५८च्या सुमारास ती रस्त्यावर आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. महिंद्राची जीप मूळची अमेरिकन विलीज. दोन्हींच्या नटांची मापं इंचांत. त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांना आणि यंत्रांना व्हिटवर्थ पद्धतीचे आटे असत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये ही पद्धत मांडली. तिच्यात पान्यावरचा आकडा नटाची रुंदी सांगत नाही, बोल्टाची जाडी सांगतो. त्यामुळे १/२ लिहिलेला व्हिटवर्थ पाना प्रत्यक्षात २३ मिलिमीटरहून रुंद उघडतो, आणि तोच आकडा असलेला अमेरिकन पाना १२.७ मिलिमीटर. हे दोन पाने एका खणात टाकणाऱ्या पोऱ्याला उस्तादाची बोलणी का बसत, हे यावरून कळेल.

इंची आणि मिलिमीटरच्या पान्यांची मिसळ तर आणखी महागात पडते. अर्धा इंची नटावर १३ चा पाना बसतो, पण तीन दशांश मिलिमीटर ढिला. नट मोकळा असेल तर निभावतं. गंजलेला असेल तर पाना घसरतो, नटाचे कोपरे जातात आणि पाच मिनिटांच्या कामाला छिन्नी-हातोडी घेऊन तासभर बसावं लागतं. ७/१६ म्हणजे ११.११ मिलिमीटर, त्यावर ११ चा पाना चढत नाही. ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर १४ चा चढत नाही आणि १५ चा डुलतो. ३/४ वर मात्र १९ चा नीट बसतो. ही जवळीक आणि हे अंतर जुन्या मेकॅनिकांना पाठ असे. पेटीतले खण त्यांनी याच हिशेबाने वाटून घेतले होते: इंची एका बाजूला, मेट्रिक दुसऱ्या.

मेट्रिक पाने पुण्यात रुळायला इथले कारखाने कारण झाले. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, करार जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी होता, १९५४ ते १९६९. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची तीनचाकी जर्मनीच्याच टेम्पो कारखान्याची. बजाजची स्कूटर इटलीच्या पियाजिओकडून आलेली. शिवाय कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीची, फियाट. युरोपच्या चालीत ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचं डोकं १३ चं आणि १० मिलिमीटरच्या बोल्टाचं १७ चं. म्हणून ‘तेरा-सतरा’ हे मेकॅनिकच्या तोंडी बसलेले आकडे. स्कूटरवाल्यांना त्यात ११ ची भर घालावी लागे, कारण तिच्या इंजिनावर ७ मिलिमीटरचे स्टड असत.

मग डिसेंबर १९८३ मध्ये जपानी घडणीची मारुती ८०० आली. जपानी गाड्यांत त्याच ८ मिलिमीटरच्या बोल्टाचं डोकं १२ चं आणि १० मिलिमीटरच्या बोल्टाचं १४ चं. बोल्ट तेवढाच, डोकं लहान. इंजिनाभोवती जागा कमी, आणि लहान डोक्याला लहान पाना पुरतो. इथे मिळणाऱ्या बारा पान्यांच्या संचात ६-७ पासून ३०-३२ पर्यंतच्या जोड्यांमध्ये १२-१३ एकाच पान्याची दोन टोकं आहेत, १४-१५ ही पुढच्या पान्याची. त्यामुळे नवा संच घ्यायची गरज पडली नाही. झिजण्याची जागा मात्र बदलली. ज्या पान्याचं १३ चं तोंड वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालं होतं, त्याचं कोरं राहिलेलं १२ चं तोंड आता रोज कामाला लागलं. दोन्ही पद्धतींत ६ मिलिमीटरच्या बोल्टाला १० चाच पाना लागतो. हा पाना प्रत्येक गाडीला हवा असतो, प्रत्येकाच्या हातात फिरतो आणि म्हणूनच पेटीत कधी जागेवर नसतो. जाणता मेकॅनिक १० चे दोन-तीन पाने बाळगतो.

२००९ मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास मर्सिडीजही पिंपरीहून चाकणला गेली. या गाड्यांबरोबर चांदणीच्या आकाराचे खाचे असलेले स्क्रू आले आणि पेटीत स्टार बिटांची डबी आली. ती सर्वांत वरच्या खणात असते, कारण बिट लहान, महाग आणि हरवायला सोपं.

हा सगळा साठा ठेवायचा कुठे आणि न्यायचा कसा, हा प्रश्न पुण्याच्या गॅरेजला अमेरिकेतल्या गॅरेजपेक्षा वेगळा पडतो. तिकडे मेकॅनिक स्वतःच्या पैशाने हत्यारं घेतो आणि कपाटाएवढी, चाकांची, कप्प्यांची पेटी कामाच्या जागी उभी करतो. आपल्याकडची बहुतेक हत्यारं मालकाची. गॅरेज म्हणजे बऱ्याचदा पत्र्याची शेड आणि समोरचा रस्त्याचा तुकडा. रात्री सगळं उचलून आत घ्यायचं आणि कुलूप लावायचं. म्हणून इथे टिकली ती उघडल्यावर दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे खण पसरणारी, मधे आडवी मूठ असलेली लोखंडी पत्र्याची पेटी. तीन खणांची किंवा पाच खणांची. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांबाहेर त्या एकावर एक रचलेल्या दिसतात. एकदा उघडली की सगळं एका नजरेत येतं, हा तिचा मोठा गुण. भरलेली पेटी सहज वीस किलोंच्या पुढे जाते, हा तिचा दोष. बिजागऱ्यांचे रिबिट आधी ढिले होतात, मग मूठ वाकते, आणि तरीही ती वीस वर्षं चालते.

घरी जाऊन गाडी दुरुस्त करणारे मेकॅनिक ही पेटी स्कूटरवर पायाशी ठेवतात. सपाट फूटबोर्डची स्कूटर या धंद्यात मोटारसायकलपेक्षा सोयीची ठरली, त्याचं एक कारण हेच. काहींनी पेटी सोडून कॅनव्हासची किंवा रेक्झिनची गुंडाळी धरली आहे. प्रत्येक पान्याला शिवलेला कप्पा, वरून झाकण, गुंडाळून नाडी बांधायची. तिच्यात पाने खडखडत नाहीत, आणि रिकामा कप्पा लगेच दिसतो. जड गोट्या आणि रॅचेट यांना मात्र ती उपयोगाची नाही. ट्रकची तऱ्हा तिसरी. बोरघाटात अडकलेल्या ट्रकपाशी मेकॅनिक पोचेपर्यंत क्लीनरनेच काम उरकायचं असतं, म्हणून जॅक, टॉमी, व्हील पाना आणि ग्रीस गन चॅसीला जखडलेल्या, कुलपाच्या पेटीत असतात. मोटारीत मात्र हा साठा आटत चालला आहे. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चरचं किट असेल तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम केंद्र सरकारने २०२० मध्ये केला.

ठेवण्याची खरी शिस्त पुण्याच्या गॅरेजांत कारखान्यांतून आली, असं मला वाटतं. जुन्या कारखान्यांच्या टूल रूममध्ये बिल्ल्याची पद्धत असे. कामगाराने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा, हत्यार घ्यायचं. ज्या खिळ्यावरून हत्यार निघालं त्यावर तो बिल्ला टांगला जायचा. पाळी संपताना भिंतीकडे पाहिलं की कुठलं हत्यार कुणाकडे आहे ते कळे. पुढे जपानी पद्धतींबरोबर छायाफलक आले: फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, हत्यार नसलं की नुसती आकृती उरते. विमानांच्या देखभालीत हाच फलक सक्तीचा मानतात, कारण अपघाताला इंजिनात विसरलेला एक पाना पुरेसा असतो. मोटारीतही हे कमी गंभीर नाही. बॉनेटखाली राहिलेला पाना फॅनबेल्टवर पडतो, किंवा बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडून ठिणग्या काढतो. तरीही अनेक गॅरेजांत हत्यारं एका घमेल्यात ढिगाने पडलेली दिसतात. यात नुसता शोधायचा वेळ जात नाही. टॉर्क रेंच हातोडीखाली पडला की त्याचं माप बिघडतं, आणि मग सिलिंडर हेडचे बोल्ट चुकीच्या जोराने आवळले जातात. टॉर्क रेंच वेगळ्या डबीत, स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर सैल करून ठेवायचा असतो. फटी मोजणाऱ्या फीलर गेजच्या पात्यांना तेलाचा पातळ हात हवा. या साध्या गोष्टी शिकवायला खर्च नाही, आणि त्या आयटीआयच्या पहिल्या महिन्यातच मुलांच्या हाती बसायला हव्यात.

पावसाळ्याचा त्रास निराळा. जून ते सप्टेंबर हवा दमट, पत्र्याची शेड गळते आणि हाताच्या घामातलं मीठ पोलादावर राहतं. पान्यावरचा क्रोमचा थर शाबूत असेल तोवर गंज लागत नाही. कोपरा उडाला की तिथून सुरू होतो. पेटीच्या तळाशी ओली चिंधी राहू न देणं हा सर्वांत स्वस्त उपाय. अनेक जण तेलाने भिजवलेलं कापड अंथरतात. जुने फिटर खणात कापराच्या वड्या टाकत, आणि त्यामागे नुसती श्रद्धा नव्हती: कापराची वाफ धातूवर सूक्ष्म थर धरते.

आता पेटीशेजारी दुसरी पेटी ठेवायची वेळ आली आहे. विजेवरच्या मोटारींची नारिंगी केबल कित्येकशे व्होल्ट वाहते. तिच्याजवळ काम करायला १००० व्होल्टपर्यंत वापरायला प्रमाणित केलेले, जाड आवरणाचे पाने आणि पकडी लागतात. त्या आवरणात हत्याराची सारी किंमत आहे. लोखंडी कीस, कानस, छिन्नी यांच्या सोबत एकाच खणात पडलं तर त्यावर चरे पडतात. ग्रीस आणि डिझेल त्याला हळूहळू खातं. चरा पडलेला पाना नुसता पाना उरतो, आणि ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून ही हत्यारं जुन्या पेटीत जाताच कामा नयेत. त्यांना स्वतःची कोरडी पेटी हवी, प्रत्येकाला खाचा हवा, आणि डिझेलने पुसायची सवय इथे सोडायला हवी. रबरी हातमोजे घडी न घालता ठेवायचे आणि दर वेळी घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडून बोटं फुगतात का ते पाहायचं. हवा निसटली तर तो मोजा फेकायचा. अधिकृत वर्कशॉपमध्ये हे शिकवलं जातं. पण वॉरंटी संपल्यावर याच गाड्या पेठांतल्या आणि उपनगरांतल्या शेडमध्ये येणार आहेत, आणि ही दुसरी पेटी तिथे त्याआधी पोचली पाहिजे.