पंख, तारा आणि शहामृग : ब्राझीलच्या जुन्या हवाई बिल्ल्यांची पारख

ब्राझीलच्या लष्करी विमानदलांची जुनी चिन्हे, म्हणजे वैमानिकाच्या छातीवरचे धातूचे किंवा जरीचे पंख, बाहीवरचे कापडी बिल्ले, टोपीवरची बोधचिन्हे आणि हुद्दा दाखवणाऱ्या पट्ट्या, यांचा संग्रह करणाऱ्याला धातू आणि कापड यांच्या ज्ञानाआधी एका प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावे लागते : ज्या काळात हा बिल्ला तयार झाला असे सांगितले जाते, त्या काळात त्या देशात विमाने नेमकी कोणाच्या ताब्यात होती? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले, आणि ज्याच्या हाती विमाने त्याचीच चिन्हे वैमानिकाच्या अंगावर, असा व्यवहार असल्याने बिल्ल्याचा काळ ठरवणे हे बऱ्याच अंशी त्या देशाच्या प्रशासनाचा इतिहास वाचणे ठरते.

ब्राझीलमध्ये लष्करी विमानविद्या दोन वेगळ्या घरांत वाढली. नौदलाने ऑगस्ट 1916 मध्ये रिओ दि जानेरो येथे आपली विमानशाळा काढली आणि पाण्यावर उतरणाऱ्या अमेरिकन कर्टिस विमानांवर शिक्षण सुरू केले. भूदलाने त्याच शहराच्या बाहेरील काम्पो दोस अफोन्सोस या मैदानावर 1914 मध्ये केलेला पहिला प्रयत्न लवकरच थांबला, आणि 1919 मध्ये फ्रेंच लष्करी मंडळाच्या मदतीने तेथे शाळा नव्याने उभी राहिली, तर 1927 मध्ये विमानशाखेला पायदळ, घोडदळ, तोफखाना आणि अभियंते यांच्या जोडीने भूदलाच्या स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळाला. या दोन्ही घरांचा वेगळा संसार 20 जानेवारी 1941 रोजी संपला. त्या दिवशी जेतुलियो व्हार्गास यांच्या सरकारने हवाई मंत्रालय स्थापन करून दोन्ही विमानशाखा त्यात विलीन केल्या आणि मंत्रिपदी साल्गादो फिल्यो या नागरी राजकारण्याला बसवले, जेणेकरून दोन्ही सेनांपैकी कोणालाही आपण हरलो असे वाटू नये, असा अर्थ त्या निवडीतून काढता येतो. नव्या दलाचे नाव सुरुवातीचे चार महिने ‘राष्ट्रीय हवाई दले’ असे होते. ‘फोर्सा आएरेआ ब्राझिलेइरा’, म्हणजे ब्राझिलियन हवाई दल, हे नाव 22 मे 1941 पासूनचे आहे. या नावाची फाब ही आद्याक्षरे मिरवणारी वस्तू 1938 ची म्हणून विक्रीला आली, तर भिंगाची गरजच उरत नाही.

सालांचा असा उपयोग राष्ट्रचिन्हातही होतो. गणवेशाची बटणे, प्रमाणपत्रे आणि काही पदके यांवर देशाचे राजचिन्ह असते, त्याच्या फितीवर आधी ‘ब्राझीलची संयुक्त संस्थाने’ अशा अर्थाचे नाव होते आणि 1968 च्या कायद्याने ते ‘ब्राझीलचे संघीय प्रजासत्ताक’ असे झाले. राष्ट्रध्वजावरचे तारेही 1889 मधील 21 वरून 1960 मध्ये 22, 1968 मध्ये 23 आणि 1992 मध्ये 27 झाले. अर्थात, नखाएवढ्या बटणावर तारे मोजण्याचा हट्ट धरू नये, आणि साचा कारखान्यात शिल्लक असेपर्यंत जुन्या नावाचा माल निघत राहू शकतो, हेही लक्षात ठेवावे. अशा खुणेने वस्तू कोणत्या सालाच्या आधीची असू शकत नाही एवढे नक्की कळते, कोणत्या सालानंतरची नाही हे तितक्या खात्रीने कळत नाही. हवाई दलाच्या विमानांवरचा तारा वेगळा : पाच टोकांचा, प्रत्येक टोक अर्धे हिरवे आणि अर्धे पिवळे, मध्ये निळ्या वर्तुळात दक्षिण गोलार्धाच्या आकाशातील त्रिशंकू हा तारकासमूह. हा त्रिशंकू ब्राझीलच्या हवाई चिन्हांत इतक्या ठिकाणी येतो, की त्यातील ताऱ्यांची मांडणी चुकलेला बिल्ला नकलाकाराच्या घाईची साक्ष देतो.

संग्राहकांच्या जगात सर्वाधिक मान मात्र एका शहामृगाला आहे. ब्राझीलने दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या बाजूने इटलीत सैन्य पाठवले, त्यासोबत नेरो मोउरा यांच्या नेतृत्वाखाली पहिला लढाऊ विमानगट गेला. 18 डिसेंबर 1943 रोजी स्थापन झालेला हा गट पनामा आणि अमेरिका येथे शिकून 6 ऑक्टोबर 1944 रोजी लिव्होर्नो बंदरात उतरला आणि अमेरिकन हवाई सेनेच्या 350 व्या लढाऊ गटाला जोडला जाऊन पी-47 थंडरबोल्ट विमाने उडवू लागला. इटलीकडे जाणाऱ्या कोलंबी या जहाजावर गटातील अधिकारी फोर्तुनातो कामारा दे ओलिव्हेइरा यांनी त्याचे चिन्ह रेखाटले. हवाई दलाची टोपी घातलेला, हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात त्रिशंकूची ढाल धरलेला शहामृग ढगावर उभा आहे, मागचे आकाश युद्धाचे म्हणून लाल आहे, कडेला देशाचे हिरवे-पिवळे रंग आहेत आणि सोबत ‘सेंता आ पुआ’ ही ‘तुटून पडा’ अशा अर्थाची रांगडी ललकारी आहे. पिस्तूल म्हणजे थंडरबोल्टचा मारा, ढाल म्हणजे त्याचा दणकटपणा. शहामृगच का, तर अमेरिकन छावणीतले अनोळखी अन्न पचवायला काहीही गिळणाऱ्या या पक्ष्याचेच पोट हवे, अशी वैमानिकांची थट्टा होती. लष्करी बोधचिन्हांत सहसा गरुड आणि सिंह यांची गर्दी असते. स्वतःवर हसण्याची ताकद असलेले चिन्ह दुर्मीळच, आणि या शहामृगाच्या लोकप्रियतेचे कारण त्याच्या युद्धकीर्तीइतकेच या विनोदातही आहे. त्याच मोहिमेत तोफखान्याला वरून लक्ष्य दाखवणारी हलक्या पायपर विमानांची एक तुकडी होती, तिचे ब्रीद ‘ओल्यो नेले’, म्हणजे ‘त्याच्यावर नजर ठेवा’. तुकडी लहान असल्याने तिच्या अस्सल वस्तू शहामृगाहूनही क्वचित दिसतात.

अडचण अशी की हा शहामृग निवृत्त झालाच नाही. युद्धानंतर गट रिओजवळच्या सांता क्रूझ तळावर परतला, 1950 च्या दशकात ग्लॉस्टर मीटिअर ही जेट विमाने आणि पुढे एफ-5 विमाने त्याने वापरली, आणि चिन्ह तेच राहिले. म्हणून ‘शहामृगाचा बिल्ला’ एवढ्या वर्णनाला किंमत नाही. तो 1945 चा, 1955 चा, 1980 चा किंवा गेल्या वर्षी दुकानात शिवलेला असू शकतो. ब्राझीलमध्ये अशा तुकडीच्या गोल बिल्ल्याला बोलीभाषेत ‘बोलाशा’, म्हणजे बिस्किट, म्हणतात.

येथे कापड आणि धातू बोलू लागतात. युद्धकाळातील भरतकाम सुती किंवा रेशमासारख्या धाग्याचे असते, टाके थोडे असमान पडतात आणि मागच्या बाजूला धाग्यांची गुंतागुंत दिसते. संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे काम दाट, एकसारखे आणि मागूनही नीटनेटके असते. चकाकी आणणारी रसायने धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरींत युद्धानंतर सर्रास आली, त्यामुळे अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा चमकणारा बिल्ला संशयास्पद मानतात; पण जुना खरा बिल्ला नंतर कधी आधुनिक पावडरीने धुतला गेला असेल तर तोही चमकतो, हे विसरून अनेक चांगल्या वस्तू नाकारल्या जातात. मागे चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो, असेल तर महायुद्धाचा प्रश्नच उरत नाही. धातूच्या पंखांत पाठ अधिक बोलकी असते : साधी आडवी पिन, कानातल्याच्या फिरकीसारखी मळसूत्री खुंटीवर बसणारी चकती, किंवा दोन टोकदार खिळ्यांवर दाबून बसवायच्या स्प्रिंगच्या टोप्या. यांपैकी शेवटचा प्रकार 1940 च्या दशकात रूढ झाला, म्हणून 1930 च्या दशकातील म्हणवणाऱ्या बिल्ल्यावर तो दिसला तर विचारपूस करावी. साच्यात ठोकलेल्या अस्सल पंखांवर पिसांच्या रेषा धारदार असतात. त्यांचा ठसा घेऊन ओतलेली नक्कल गुळगुळीत, बारीक छिद्रांची आणि धातू थंड होताना आकसत असल्याने मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान निघते, आणि हा फरक मोजमापाच्या साध्या कॅलिपरनेही पकडता येतो. जुनी मिनाकारी भट्टीत भाजलेल्या काचेची, आजची बहुधा रंगीत राळेची. चिंच किंवा पितळ उजळण्याची पूड लावून बिल्ला चमकवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण घासण्याने पातळ मुलामा जातो आणि काळाच्या खुणाही जातात.

नौदलाची कथा 1941 नंतरही संपली नाही, आणि संग्राहकांनी तिच्याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही. ब्राझीलने 1956 मध्ये ब्रिटनकडून व्हेंजन्स ही विमानवाहू नौका घेतली, ती 1960 मध्ये मिनास जेराइस या नावाने सेवेत आली, पण तिच्यावरची विमाने कोणी उडवायची यावरून नौदल आणि हवाई दल यांच्यात जे भांडण पेटले, ते 1965 मध्ये राष्ट्राध्यक्ष कास्तेलो ब्रांको यांनी तोडले : स्थिर पंखांची विमाने हवाई दलाकडे, हेलिकॉप्टरे नौदलाकडे. त्यामुळे नौदलाच्या जहाजावरून उडणाऱ्या ट्रॅकर विमानांचे वैमानिक हवाई दलाचे, अशी विचित्र व्यवस्था तीन दशके टिकली, आणि तेवढ्या काळातील नौदलाचे म्हणून दाखवले जाणारे विमानतुकडीचे बिल्ले दोनदा तपासावेत. भारतीय वाचकाला या नौकेविषयी जवळीक वाटायला कारण आहे : आपली पहिली विक्रांत आणि ती एकाच ब्रिटिश आराखड्याच्या घराण्यातल्या. विक्रांत मुंबईत मोडली गेली, तर मिनास जेराइस 2004 मध्ये मोडण्यासाठी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर आली.

खात्री करायला शेवटी तुलना लागते, आणि त्यासाठी काम्पो दोस अफोन्सोस येथील हवाई संग्रहालय, जुनी छायाचित्रे आणि वस्तूसोबतची कागदपत्रे यांना पर्याय नाही. वैमानिकाच्या कुटुंबाकडून त्याच्या सेवापत्रासह आलेला झिजलेला बिल्ला आणि कोणताही माग नसलेला कोरा करकरीत बिल्ला यांच्या किमतीत मोठा फरक पडतो, तो रास्त आहे. माजी सैनिकांच्या मेळाव्यांसाठी काढलेले स्मरणबिल्ले फसवणुकीसाठी नसतात. फसवणूक होते ती पुढच्या विक्रेत्याने त्यांना युद्धकालीन म्हटल्यावर. नवख्या संग्राहकाने शहामृगापासून सुरुवात करू नये. भूदलाने 1986 मध्ये आपली विमानशाखा पुन्हा उभारली, तिचा मुख्य तळ साओ पाउलो राज्यातील ताउबाते येथे आहे. नौदलाला 1998 मध्ये स्थिर पंखांची विमाने परत मिळाली आणि कुवेतकडून घेतलेल्या 23 स्कायहॉकांसाठी नवी तुकडी निघाली. या दोन्हींचे पहिल्या वर्षांतले बिल्ले अजून स्वस्त आहेत, ते वापरलेली माणसे विचारायला हयात आहेत, आणि त्यांची नक्कल करून फारसा पैसा मिळत नसल्याने नकलाकारही अजून त्यांच्याकडे वळलेले नाहीत.