जुनी गाडी, नवी मोटर आणि आरसी बुक

नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातून २००७ मध्ये लोगन बाहेर पडू लागली. पुढे रेनोशी असलेली भागीदारी संपली, २०११ मध्ये गाडीचं नाव व्हेरिटो झालं आणि २०१६ मध्ये तीच सेडान विजेवर आली. सांगाडा पेट्रोल-डिझेल इंजिनसाठी आखलेला, तोच राहिला. आत ७२ व्होल्टची यंत्रणा आणि इंडक्शन मोटर बसली. एका चार्जवर ११० किलोमीटर आणि ताशी ८६ किलोमीटर वेग, असा कंपनीचा दावा होता. त्यामुळे ‘दारातली मारुती ८०० विजेवर करता येईल का?’ असं एखादा नाशिककर विचारतो, तेव्हा तो काही भलतंच विचारत नसतो.

हाताचं काम तर या शहराला नवं नाहीच. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभी हयात घालवलेली माणसं आहेत आणि या बदलातलं सगळ्यात नाजूक काम त्यांच्याच हातचं आहे. इंजिन उतरवलं की गिअरबॉक्सचं तोंड उघडं पडतं. त्यावर मोटर बसवायला जाड अ‍ॅल्युमिनियमची अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते. जुन्या क्लच प्लेटच्या मधला दातेरी हब कापून घेतात आणि त्यापासून मोटरचा शाफ्ट जोडणारं कपलिंग घडवतात. दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे डायल गेज लावून पाहायचं. इथे केसभर चूक राहिली तरी गाडी चालते, पण काही महिन्यांत बेअरिंग ओरडायला लागतं. चांगला टर्नर या एका जोडणीवर अख्खा दिवस घालवतो, आणि तो घालवायलाच हवा.

इंजिनाबरोबर आणखी काय काय जातं, याचा हिशेब मात्र बरेच जण उशिरा करतात. ज्या गाडीत ब्रेक बूस्टर आहे, तिथे त्याला लागणारा व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डमधून येतो. इंजिन गेलं की ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून विजेवर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. अल्टरनेटर जातो, तेव्हा दिवे, हॉर्न आणि वायपरची १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करायला डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत असेल तर तोही बंद. गाडी पंधरा-वीस वर्षांची असेल तर आधी ती रॅम्पवर चढवून खालचा पत्रा ठोकून पाहावा. गंजलेल्या फ्लोअरवर बॅटरीचं वजन टाकण्यात काहीच शहाणपण नाही.

आता बॅटरी. लिथियम फेरो फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा. १०० अ‍ॅम्पिअर-अवरचे असे २४ सेल जोडले की साधारण ७.७ युनिट वीज साठते. हलक्या गाडीला किलोमीटरमागे ०.१ युनिट धरलं, तर पल्ला होतो ७५ किलोमीटरच्या आसपास. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाऊन परत येता येईल, पण हातात फारसं काही उरणार नाही. चार्जिंगमधली घट धरून घरच्या मीटरवर नऊएक युनिट पडतात. युनिटला बारा रुपये लावले तरी १०८ रुपये झाले. तेवढ्याच अंतराला लिटरमागे सोळाच्या हिशेबाने पावणेपाच लिटर पेट्रोल जाळावं लागतं.

घाटाची भीती लोक उलट्या बाजूने बाळगतात. कसारा ते इगतपुरी चढ सुमारे तीनशे मीटरचा आहे. माणसांसकट नऊशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला, मोटर आणि गिअरमधली घट धरूनही, जास्तीची वीज जेमतेम एक युनिट लागते. खरा प्रश्न मोटर आणि कंट्रोलर तापण्याचा आहे. सलग चढावर किती वेळ किती करंट सोसेल, हे मोटर घेतानाच विचारायला हवं.

आगीबद्दल मात्र जराही सैल बोलू नये. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकमध्येच कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या. देशभर अशा घटना घडल्या, म्हणून त्याच वर्षी केंद्राने बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले. डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वरचा दाब अंगाला धोक्याचा मानला जातो आणि आपला पॅक त्याच्या वर आहे. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी बीएमएस, पॅकच्या तोंडाशीच डीसी रेटिंगचा फ्यूज आणि हाताने तोडता येणारा स्विच यांत पैसे वाचवू नयेत. जुन्या लॅपटॉपचे सेल गोळा करून घरी पॅक बांधणाऱ्याला तर मी हात जोडून थांबवेन.

एवढं सगळं निगुतीने केलं, तरी घरी बांधलेली गाडी रस्त्यावर बेकायदाच ठरते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१६ मध्ये केंद्राने रेट्रोफिट किटला वाट करून दिली. त्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. पण ती वाट किट बनवणाऱ्या कंपनीसाठी आहे. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचं, ठरावीक मॉडेलसाठी मंजुरी मिळवायची आणि अधिकृत केंद्रातच बसवायचं. मग आरटीओ आरसीवरचं इंधन बदलतं आणि हिरवी पाटी मिळते. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली मोटर असेल, तर अपघातानंतर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

ठाण्याच्या गोगोए१ या किट कंपनीने हिरो स्प्लेंडर मोटारसायकलसाठी मंजुरी मिळवली, कारण त्या एका मॉडेलच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत. वीस वर्षांच्या झेन किंवा सॅन्ट्रोसाठी चाचणीचा खर्च कोण करणार? जर्मनीत घरी बदललेली एकटी गाडीही टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या अभियंत्याकडून तपासून घेऊन नोंदवता येते. आपल्याकडेही अशी सोय व्हावी, असं मला मनापासून वाटतं. ब्रेक, इन्सुलेशन, वजनाची विभागणी आणि बॅटरीची पेटी तपासणारा अभियंता, ठरलेली फी आणि नापास झाल्यास लेखी कारण, एवढं पुरे. विजेच्या गाडीला आरसीच्या नूतनीकरणाची फी केंद्राने २०२१ मध्येच माफ केली आहे. पेट्रोलच्या जुन्या कारला मात्र पंधरा वर्षांनंतर पाच हजार आणि विसानंतर दहा हजार रुपये मोजावे लागतात. म्हणजे धोरणाचा कल कुठे आहे हे स्पष्ट आहे, फक्त एकेकट्या मालकासाठी दार उघडायचं राहिलं आहे. तोवर किट विकणाऱ्याकडे मंजुरीचं प्रमाणपत्र मागा, त्यावर आपल्या गाडीचं नेमकं मॉडेल आहे का ते वाचा आणि पैसे देण्याआधी ते आरटीओत दाखवून या.