‘निरंक’ उत्तरामागील चूक

संगणकाने ‘निरंक’ असे उत्तर दिले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. तशी नोंद खरोखरच नसेल, अथवा प्रश्नच चुकीचा विचारला गेला असेल. एक्सएमएल स्वरूपात साठविलेल्या माहितीबाबत हा दुसरा अर्थ विशेष धोक्याचा ठरतो; कारण तेथे चुकीचा प्रश्नही कोणतीही तक्रार न करता रिकाम्या हाताने परततो.

१९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सएमएलमध्ये प्रत्येक माहितीस तिच्या नावाचा टॅग असतो. आयएसओ २००२२ या मानकाचे भरणा-संदेश याच स्वरूपात असतात आणि रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस प्रणाली २०१३ पासून हे मानक वापरते. असे संदेश जतन करून पुढे लेखापरीक्षणासाठी वा ग्राहकाच्या तक्रारीसाठी शोधावयाचे, तर एक्सएमएल डेटाबेस सोयीचा पडतो. त्याला प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एक्सक्वेरी. ती २००७ मध्ये मानक झाली.

अडचण येते ती प्रोग्रॅममध्ये. सी-शार्प किंवा जावा या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांत एक्सक्वेरीचा प्रश्न बहुधा अवतरणचिन्हांतील मजकूर म्हणून लिहिला जातो. कंपायलर बाकीचा प्रोग्रॅम काटेकोरपणे तपासतो; हा मजकूर मात्र त्याच्या दृष्टीने बंद लिफाफाच.

ग्राहकाच्या रक्कम-प्रेषण आदेशाचा ‘पेन ००१’ हा संदेश पाहावा. त्याच्या ०३ आवृत्तीत बँकेचा संकेतांक ‘बीआयसी’ या टॅगमध्ये असे. ०९ आवृत्तीत तो ‘बीआयसीएफआय’ झाला. जुन्या टॅगने नव्या संदेशांत शोध घेतल्यास काहीच सापडत नाही आणि चूकही दर्शविली जात नाही. एखाद्या बँकेकडे जाणारे आदेश थांबवावयाचे असतील, तर अशी निरंक यादी केवढी महागात पडेल!

दुसरी चूक याहून फसवी. साठविलेल्या संदेशास स्कीमा, म्हणजे त्याच्या रचनेचा अधिकृत आराखडा, जोडलेला नसेल, तर एक्सक्वेरी संदेशातील दोन रकमांची तुलना अक्षरांप्रमाणे करते. मग ९००० ही रक्कम २००००० पेक्षा मोठी ठरते, कारण ९ हा अंक २ च्या नंतर येतो.

यावरील उपाय म्हणजे प्रकारसुरक्षित विचारणा. स्कीमावरून प्रथम क्लास तयार करून घेतात. त्यांत रक्कम ही संख्या आणि दिनांक हा दिनांकच राहतो. प्रश्न मजकुरात न लिहिता या क्लासच्या आधारे लिहितात. सी-शार्पमध्ये २००७ साली आलेल्या ‘लिंक’ सुविधेने विचारणेला भाषेतच स्थान दिले. अशा विचारणेचे एक्सक्वेरीत रूपांतर करण्याचे काम त्यासाठी लिहिलेली लायब्ररी करू शकते. नव्या स्कीमावरून क्लास पुन्हा तयार केले की जुन्या ‘बीआयसी’चा उल्लेख कंपायलर तेथेच अडवितो. चूक शाखेच्या काउंटरवर नव्हे, तर प्रोग्रॅमरच्या टेबलावर उघडकीस येते.

मात्र ही हमी स्कीमापुरतीच असते. क्लास जुने आणि येणारे संदेश नवे, अशी स्थिती असल्यास कंपायलरचा नाइलाज होतो. म्हणून प्रत्येक संदेश साठविण्यापूर्वी स्कीमाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. शिवाय जुने संदेश दप्तरी राहतातच; त्यांच्यासाठी ०३ आवृत्तीचे क्लास व विचारणा वेगळ्या सांभाळाव्या लागतात.