रडारला चकवणारी ‘मोरमुगाव’

गोव्याच्या बंदराचं नाव मिरवणारी ‘आयएनएस मोरमुगाव’ ही युद्धनौका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि 18 डिसेंबर 2022 रोजी नौदलात आली. लांबी 163 मीटर, वजन सुमारे 7,400 टन. एवढं धूड रडारपासून लपणार कसं?

ते पूर्ण लपत नाहीच. पण रडारची लहर सरळ उभ्या पृष्ठभागावर आदळली, तर आली तशी परत जाते आणि जहाजाचा पत्ता देते. म्हणून इथे बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आहेत. लहर भलतीकडेच वळते, शत्रूच्या पडद्यावरचा ठिपका लहान होतो. नौदलाच्या आरेखकांचं खरं कसब मला इथेच दिसतं. धुराड्यातून निघणारा गरम वायूही थंड करून सोडावा लागतो, कारण उष्णता हुडकणारी क्षेपणास्त्रं असतात.

चार गॅस टर्बाइन हिला ताशी 30 सागरी मैलांपलीकडे नेतात. जहाजं आणि जमिनीवरच्या लक्ष्यांसाठी ब्रह्मोस क्षेपणास्त्रं, विमानं-क्षेपणास्त्रं पाडायला बराक-8, पाणबुड्यांसाठी टॉर्पेडो व रॉकेट, शिवाय हेलिकॉप्टरही.

हिच्याच वर्गातली चौथी आणि शेवटची युद्धनौका ‘सुरत’ जानेवारी 2025 मध्ये मुंबईतच नौदलात दाखल झाली.