दोन जुड्यांचं जेवण

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जिन्यात कुणी ना कुणी भेटतं आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत विचारतं, "आज पोळीशी काय?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. आई विचारायची, मामी विचारायची, लग्नानंतर सासूबाईही. गेल्या हिवाळ्यात मात्र तो मला पहिल्यांदा खटकला, आणि त्याला निमित्त झालं घरात नव्याने आलेल्या वजनकाट्याचं.

काटा लेकीने केक करायला आणला होता. एका संध्याकाळी मेथी निवडून झाली आणि सहज म्हणून पानं काट्यावर ठेवली. चांगली गलेलठ्ठ जुडी, पण मुळं आणि जून देठ काढल्यावर पानं भरली पाव किलो. कढईत टाकली तेव्हा डोंगर होता. पाच मिनिटांत तळाशी जेमतेम थर राहिला. पालेभाजीत साधारण 90 टक्के पाणीच असतं, ते आळलं की मागे उरणार किती? चौघांच्या पानात दोन-दोन चमचे भाजी पडली आणि डब्यातल्या अकरा पोळ्या संपल्या. म्हणजे निवडायच्या आधी ज्या भाजीचं ओझं वाटलं होतं, ती माणशी साठ ग्रॅमच्या आसपास होती, तीही कच्च्या वजनाने.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात त्यांनी धान्य 250 ग्रॅम ठेवलं आहे आणि भाज्या 400 ग्रॅम, दोन्हींचं वजन कच्चं. हे आकडे मी दोनदा वाचले. धान्यापेक्षा भाजी जास्त! दिवसाच्या भाजीतली निम्मी रात्रीच्या जेवणात यायची असेल, तर चौघांच्या घरात संध्याकाळी 800 ग्रॅम भाजी शिजायला किंवा चिरायला हवी. आमच्याकडे एक जुडी शिजत होती.

आपण भाजीला 'तोंडीलावणं' म्हणतो, आणि त्या शब्दातच तिची जागा ठरून जाते. जेवायची पोळी किंवा भात. भाजी घास ओला करण्यापुरती. ती थोडकी असल्यामुळे चमचमीत लागते, चमचमीत करायची म्हणून तेल सढळ पडतं, आणि पोट भरायचं काम पोळीवर जातं. 'नुसत्या भाजीने पोट भरत नाही' ही तक्रार मला मान्य आहे. उकडलेल्या दुधी-गाजराचं ताट समोर आलं तर तासाभरात पुन्हा भूक लागणारच. पोट भरल्यासारखं वाटायला चोथा लागतो, प्रथिनं लागतात, थोडी स्निग्धता लागते आणि चावायला काहीतरी लागतं. पण हे सगळं भाजीतच घालायची रीत महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. ती रीत आपण सणापुरती आणि गावाकडच्या आठवणीपुरती ठेवली, याची मला खंत वाटते.

ऋषिपंचमीचीच भाजी घ्या. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा नेम. नांगरलेल्या शेतातलं धान्य चालत नाही, म्हणून परसात आणि मांडवावर जे उगवतं ते सगळं एका पातेल्यात येतं: अळूची पानं आणि सोललेले देठ, लाल माठाचे बोटभर जाड तुकडे, सुरण, लाल भोपळा, पडवळ, शिराळं, भेंडी, मक्याच्या कणसाच्या चकत्या. वर हिरवी मिरची, चिंचेचा कोळ किंवा अंबाडे, मीठ, ओलं खोबरं. मसाला नाही, आमच्याकडे फोडणीही नाही. अळूमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. भरपूर शिजवणं आणि आंबट घालणं हा त्यावरचा पिढीजात उपाय. या भाजीबरोबर घासभर देवभात किंवा वरी असते. मी ही भाजी वाडगाभर घेते, मागून पुन्हा वाडगाभर, आणि रात्री उशिरापर्यंत कशाची आठवण होत नाही. माठाचा देठ दाताखाली धरून आतला गर ओढून घ्यायला वेळ लागतो, कणीस हातात धरून खावं लागतं, सुरण मऊ आणि भरीव असतो. सावकाश, चावत-चोखत झालेलं जेवण पोटाला कळतं. वर्षातून एकदाच का करायची ही? मी आता श्रावणापासून दसऱ्यापर्यंत तीन-चारदा करते. नेम त्या दिवसापुरता, भाजी हंगामभर.

भोगीचंही तसंच. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगं, गाजर, ओले हरभरे, पावटे, वाटाणा, बोरं, शेंगदाणे यांची तिळाचं कूट घातलेली लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ओल्या दाण्यांमुळे प्रथिनं आली, तिळा-शेंगदाण्यांमुळे स्निग्धता आली. भाकरी अर्धी पुरते.

भाजीला पोटभरीची करणारे आपल्याकडचे सोबती म्हणजे डाळ, पीठ, कूट, कण्या आणि ताक. विदर्भातल्या पंगतीतली डाळभाजी पालक आणि डाळीवर उभी असते. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या आणि तुरीची डाळ शिजवतात, वर लसणाची खमंग फोडणी. शेपूत मुगाची डाळ घालतात. ढोबळी मिरची, कांद्याची पात, मुळ्याचा पाला यांना डाळीचं पीठ पेरतात; पीठ आधी कोरडं भाजून घेतलं तर निम्म्या तेलात भाजी मोकळी होते. दुधी, दोडका, पडवळ यांच्यात मूठभर हरभऱ्याची डाळ पडली की त्यांचा पुळचटपणा जातो. धान्याच्या प्रथिनात लायसिन कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं, त्यामुळे डाळ घातलेली भाजी आणि भाकरी एकमेकींची उणीव भरून काढतात.

या सगळ्यांत माझी लाडकी चाकवताची ताकातली भाजी. दुपारीच अर्धी वाटी, म्हणजे साधारण 100 ग्रॅम, हरभऱ्याची डाळ आणि मूठ-दीड मूठ शेंगदाणे भिजत घालायचे. संध्याकाळी चाकवताच्या दोन जुड्या निवडून, चिरायच्या आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यायच्या. चिरल्यावर धुतलं तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात. कुकरमध्ये एका भांड्यात चाकवत, दुसऱ्यात डाळ-दाणे. शिजलेला चाकवत गरम असतानाच दोन-तीन चमचे डाळीचं पीठ भुरभुरून पळीने घोटायचा. घोटताना तो आधी पाणचट वाटतो, मग एकदम धरून येतो आणि पळीला मखमलीसारखा चिकटतो. तो क्षण आला की डाळ-दाणे घालायचे आणि पाव किलो आंबटसर दह्याचं घुसळलेलं ताक थोडं थोडं ओतायचं. आता गॅस बारीक आणि हात चालता. ढवळणं थांबलं आणि उकळी जोराची आली की ताक फाटतं. वेगळ्या कढल्यात दोन चमचे तेल, मोहरी, चिमूटभर मेथीदाणे, हिंग, हळद, दोन लाल मिरच्या आणि ठेचलेल्या लसणाच्या सात-आठ पाकळ्या. लसूण बदामी झाला की फोडणी भाजीवर ओतून लगेच झाकण. चुर्र आवाज बंद झाला की झाकण काढायचं, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालायचा.

हिशेब केला तर डाळ, दाणे, पीठ आणि ताक मिळून माणशी दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं होतात. मध्यम आकाराच्या एका पोळीत ती तीन ग्रॅमच्या आसपास असतात. ही भाजी वाटीत न वाढता खोल ताटलीत वाढायची, बाजूला एक भाकरी आणि काकडी-मुळ्याची कोशिंबीर. भाजी आणि भाकरी यांच्या जागा अशा बदलल्या की ताटाचं रूपच पालटतं. गेल्या हिवाळ्यानंतर आमच्या रात्रीच्या पोळ्या अकरावरून सहावर आल्या, आणि कुणी उपाशी उठलं नाही.

ज्यांना पालेभाजी नकोच वाटते त्यांनी खानदेशाकडे बघावं. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट हिरवी, भरपूर गराची ही मोठाली वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात, त्यात भाजलेल्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप घालतात. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. हिवाळ्यात शेतावर भरिताची पार्टी होते तेव्हा ताटात भरिताचा ढीग असतो, आणि त्याला तोंडीलावणं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. शहरात गॅसच्या जाळीवर धूर तेवढा येत नाही, पण वांग्याला चार चिरा देऊन त्यात लसूण खोचून भाजलं तर खूपच जवळ जाता येतं.

काही बारीकसारीक गोष्टी हाताला लागल्या त्या सांगते. पालेभाजी परतताना झाकण ठेवू नये. पानांतली आम्लं वाफेबरोबर निघून जातात आणि रंग हिरवा राहतो. मीठ शेवटी घालावं, कारण डोंगर बघून घातलेलं मीठ तळाशी राहिलेल्या भाजीला खारट करतं. पानात लिंबाची फोड असावी. क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं, आणि जेवणाला लागूनच घेतलेला चहा नेमका उलटा परिणाम करतो. तेल अजिबात बंद करू नये, गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच. पोषण संस्थेने माणशी रोज 27 ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलोच्या आत. आपला डबा किती दिवसांत संपतो ते प्रत्येकाने बघावं.

उरतो तो निवडण्याचा प्रश्न, आणि तो खरा आहे. दिवसभराच्या नोकरीनंतर दोन जुड्या एकटीने निवडायच्या म्हटल्यावर कुणीही कुकरात बटाटे टाकेल. हे काम एकीच्या गळ्यात टाकून 'आरोग्यदायी जेवण' मागणं अन्यायाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे आता रविवारी सकाळी आणि बुधवारी रात्री टेबलावर वर्तमानपत्र पसरतं. लेक मेथी खुडते, नवरा अळूचे देठ सोलतो, मी चाकवत बघते. सासूबाई शेंगा सोलतात आणि आमच्या खुडण्यातल्या चुका काढतात. कोरडा पाला कापडात गुंडाळून ठेवला की फ्रीजमध्ये तीन दिवस छान टिकतो. भिजवलेली डाळही दोन दिवस राहते. मग ऑफिसातून आल्यावर ताटात जेवण यायला अर्धा तास पुरतो.

हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा फराळाचे डबे भरलेले असतील, आणि मंडईत हिवाळ्याची भाजी यायला लागलेली असेल. चाकवत, आंबट चुका, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला, पाठोपाठ पावट्याच्या आणि तुरीच्या शेंगा, भरताची वांगी. संक्रांतीपर्यंत हा माल उत्तम आणि स्वस्त मिळतो. चकली-शेवेने जड झालेल्या पोटाला पहिल्या संध्याकाळी चाकवतच द्या. भाजीवालीने एक जुडी पुढे केली की दुसरीही मागून घ्या.