खाली वाटी

पवारांच्या काळापासून माळव्यात वसलेल्या मराठी घरांतील मूल दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढते. येथे राजगढास आमच्या तीन वर्षांच्या नातवास आजी म्हणाली, "वाटी खाली ठेव." त्याने दूध अंगणात ओतले व रिकामी वाटी पुढे धरली! शेजारच्या हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामी, हे त्याचे त्यानेच ताडलेले. 'घरातही हिंदीच बोला, पुढे शाळेत अडणार नाही,' असा सल्ला सूनबाईंना मिळतो व त्या विचारात पडतात. आम्हांस तो मान्य नाही. याच राजगढात १९०६ साली देह ठेवणाऱ्या राजेंद्रसूरींनी 'अभिधान राजेंद्र' हा प्राकृताचा सात खंडांचा कोश रचला. आमच्या कोशकाराचे तर आत्ताशी पहिलेच पान. परवा त्याने आजीस विचारले, "पोट खाली आहे, म्हणजे कुठे गं?"